वाड्यावरच्या माणसाचं हार्टचं ऑपरेशन : सोबत जाणाऱ्यासाठी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांच्या पठारांवर धनगरवाडे, म्हणजे धनगरांच्या छोट्या वस्त्या, आहेत. काही वाड्यांवरून डांबरी रस्त्याला यायला आजही तासभर उतरावं लागतं. अशा ठिकाणच्या माणसाला ‘हार्टचं ऑपरेशन करावं लागेल’ असं कळलं की सगळा वाडा ऑपरेशनच्या दिवसाला घाबरतो. त्या दिवशी मात्र पेशंटभोवती सर्जन, भूलतज्ज्ञ, मशीन, रक्त सगळं हजर असतं. घात होतो तो आधी, रेशनकार्डावर नाव नसल्यामुळे तारीख पुढे जाते तेव्हा; किंवा नंतर, वाड्यावर रक्त पातळ ठेवायची गोळी चुकते तेव्हा. या दोन्ही ठिकाणी डॉक्टर नसतो. सोबतीला गेलेला पुतण्या, आशाताई, शाळेतले गुरुजी किंवा एखादा कार्यकर्ता असतो. हे लिखाण त्यांच्यासाठी.

१. दुखणं कोणतं, ते आधी नीट कळू द्या

वाड्यावरून येणाऱ्या पेशंटचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिला, जन्मतः हृदयात दोष असलेलं मूल. अंगावर पिताना दमतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, वरचेवर छाती भरते. काही मुलांचे ओठ आणि नखं निळी पडतात. अशा मुलाला खेळताना दम लागला की ते उकिडवं बसतं. ती खोड नाही, उकिडवं बसल्यावर त्याला खरंच बरं वाटतं. तान्हं मूल रडून रडून निळं पडलं तर त्याचे गुडघे पोटाशी दुमडून छातीला लावा आणि तसंच धरून लगेच दवाखाना गाठा.

दुसरा, झडपा म्हणजे व्हॉल्व्ह खराब झालेले तरुण. लहानपणी घसा सुजून ताप येतो, पुढे सांधे धरतात; आज गुडघा, परवा घोटा. या संधिवाताच्या तापात हृदयाच्या झडपांना सूज येते आणि काही वर्षांत त्या आक्रसतात. पंचवीस-तीस वर्षांच्या बाईला चढ चढताना दम लागतो, रात्री उशाला दोन वाकळा घेतल्याशिवाय झोप येत नाही. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. पुष्कळदा बाळंतपणातच पहिल्यांदा उघडं पडतं.

तिसरा, रक्तवाहिन्या तुंबलेले पन्नाशी-साठीचे लोक. यांना अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागते.

पेशंट कोणत्या गटातला आहे हे बहुतेक वेळा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कळतं; रक्तवाहिन्या तुंबल्यात का हे मात्र अँजिओग्राफीत दिसतं. शिबिरात केलेला इको ही चाळणी समजा. ऑपरेशन ठरवायचं तर हृदयविभागात पुन्हा सविस्तर इको होतो, तेव्हा ‘एकदा केलाय की’ म्हणून वाद घालू नका.

मूल १८ वर्षांच्या आतलं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वाट धरा. या कार्यक्रमाचं डॉक्टर पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं. त्या दिवशी मूल म्हसरांमागं गेलेलं असेल तर ते यादीतून सुटतं, तेव्हा पथकाची तारीख अंगणवाडीताईंकडून आधी घेऊन ठेवा. पथकाची संदर्भ चिठ्ठी असली की पुढचा इको, ऑपरेशनसाठी पाठवणं आणि पाठपुरावा जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत होतो.

मोठ्या माणसाला कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात आणा. तिथे हृदयविभाग आणि कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली, आहे. खाजगी दवाखान्यात जायचंच असेल तर तो सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत (महात्मा फुले आणि आयुष्मान भारत; तपशील पुढे आहे) आहे का, आणि योजनेत हृदयाच्या कामासाठी आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. दवाखाना हाडांसाठी योजनेत आणि हृदयासाठी बाहेर, असं असू शकतं.

चंदगडकरांसाठी एक सूचना. बेळगाव जवळ पडतं म्हणून पाय आपोआप तिकडे वळतात. राज्याची हद्द ओलांडण्याआधी योजनेच्या १५५३८८ या नंबरवर विचारून घ्या. अ‍ॅडमिट झाल्यावर योजना बसत नाही म्हणून कळणं महागात पडतं.

२. कागद जुळवा, आणि ते ऑपरेशन ठरायच्या आधीच

लागतात ते कागद :

रेशनकार्ड, मूळ. पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही चालतं. पेशंटचं नाव कार्डावर हवं, आणि कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर हवा. जुन्या, फाटक्या कार्डाचा हा नंबर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात मिळतो.

पेशंटचं आधार कार्ड, शक्यतो मोबाईल नंबर जोडलेलं. लहान मुलाचं आधार नसेल तर जन्मदाखला आणि आईबापाची ओळखपत्रं.

आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते. नसेल तर अ‍ॅडमिट होण्याआधी काढून घ्या.

आजवरचे सगळे रिपोर्ट : ईसीजी, इको, अँजिओग्राफीची सीडी. तारखेप्रमाणे लावून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात डबल पिशवी.

उत्पन्नाचा दाखला, तहसीलदारांचा. योजनेला तो लागत नाही, पण योजनेबाहेर काही निघालं तर त्यावाचून पुढची सगळी दारं बंद असतात, म्हणून काढून ठेवा.

प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स आणि पेशंटचे सहा फोटो.

आता अडतं कुठे ते पाहा. सून आलेली असते, तिचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं. आडनाव आधारवर ‘लांबोर’ आणि रेशनकार्डावर ‘लांबोरे’ असतं. वयात दहा वर्षांचा फरक असतो, कारण आधार काढताना कुणीतरी अंदाजानं सांगितलेलं. हे दुरुस्त व्हायला आठवडे जातात आणि त्यासाठी म्हसरं सोडून दोन-तीनदा तालुक्याला यावं लागतं. इको खराब आला त्याच दिवशी या कामाला लागा, ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत थांबू नका.

दुसरी अडचण अंगठ्याची. आयुष्यभर कोयता आणि दावं धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. चेहऱ्यावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीनं ओळख पटवता येते. तो मोबाईल कुणाचा आहे आणि तो माणूस त्या दिवशी रेंजमध्ये असेल का, हेही बघा.

जातीच्या दाखल्यावरून बराच गोंधळ असतो. गवळी धनगर महाराष्ट्रात भटक्या जमाती ‘क’ मध्ये येतात, अनुसूचित जमातीत नाही. त्यामुळे आदिवासी विकास विभागाच्या मदतीसाठी त्यांचा अर्ज नेला तर हेलपाटा पडतो. कातकरी कुटुंब मात्र अनुसूचित जमातीत, आणि त्यातही केंद्राच्या विशेष असुरक्षित गटात मोडतं. महाराष्ट्रात असे गट तीनच : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी २०२३ पासून पीएम-जनमन अभियान आहे, आणि आधार किंवा रेशनकार्डच नसेल तर त्याच्या शिबिरात ते काढता येतं. ऑपरेशनच्या योजनेला जातीचा दाखला मुळी लागतच नाही, तेव्हा त्यापायी तारीख घालवू नका.

३. योजना चालते कशी

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही आता एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. हे पैसे हातात येत नाहीत; दवाखान्याला परस्पर मिळतात. बायपास, झडप बदलणं, फुग्यानं झडप उघडणं, जन्मजात छिद्र बुजवणं ही कामं यात येतात.

दवाखान्यात शिरलात की आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाचं, टेबल शोधा. तो कागद तपासून नोंदणी करतो. मग दवाखाना रिपोर्ट ऑनलाइन पाठवून पूर्वमंजुरी मागतो. कागद नीट असले तर ती लवकर येते. शंका काढली तर दिवस वाढतात. शंका बहुतेक वेळा नावातल्या फरकाची किंवा न वाचता येणाऱ्या रिपोर्टची असते. पेशंट अत्यवस्थ असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात. ‘आधी कार्ड आणा, मग बघू’ असं अत्यवस्थ पेशंटला कुणी म्हणालं तर तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा.

पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, ऑपरेशन, बसवायची झडप किंवा स्टेंट, औषधं, पेशंटचं जेवण आणि परतीचं एकवेळचं भाडं धरलेलं असतं. डिस्चार्जनंतर १० दिवसांची तपासणी आणि औषधंही त्यातच. त्यापुढे काही ठरावीक ऑपरेशनांना पाठपुराव्याचं वेगळं पॅकेज असतं. ते आपल्या पेशंटला लागू आहे का हे डिस्चार्जच्या आधी आरोग्यमित्राला विचारा, कारण नंतर आपणहून कोणी सांगत नाही.

‘योजनेतली झडप साधी असते, चांगली हवी तर वरचे इतके भरा’ असं कुणी सुचवलं तर पैसे देऊ नका. कुठल्याही कारणानं पैसे मागितले तर छापील पावती मागा. पावती मागितली की बरेचसे प्रश्न जागच्या जागी मिटतात.

योजनेत न बसणारं काही निघालं तर दोन वाटा आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. दुसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधीची. त्याची रक्कम दवाखान्याच्या खात्यात जाते आणि आधी भरून टाकलेल्या बिलाची भरपाई त्यातून होत नाही, म्हणून अर्ज बिल भरण्याआधी करायचा.

४. डॉक्टरांना वाडा समजावून सांगा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कुठल्याच फॉर्मवर नसतो.

झडप खराब असेल तर उपाय एकच नसतो. डाव्या बाजूची मायट्रल झडप आक्रसलेली असेल आणि तिची ठेवण बरी असेल, तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. छाती उघडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांत सुट्टी होते. काही वर्षांनी झडप पुन्हा आवळू शकते, पण तेवढी वर्षं माणूस स्वतःच्या झडपेवर काढतो. काही झडपा दुरुस्त होतात. दोन्ही जमत नसेल तर झडप बदलतात, आणि तिथे प्रश्न येतो : धातूची की जैविक?

धातूची झडप टिकाऊ असते, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर, रोज घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरावीक दिवसांनी करावी लागते. जैविक झडपेला बहुतेकांना ही गोळी सुरुवातीचे काही महिनेच लागते, मात्र झडप साधारण १० ते १५ वर्षांत झिजते, तरुण वयात त्याहून लवकर. मग दुसरं ऑपरेशन.

पुस्तकी हिशेबानं तिशीतल्या पेशंटला धातूची झडप सुचवली जाते. शहरातल्या पेशंटसाठी ते बरोबरच आहे. पण आयएनआर करायला दोन तास उतरून, एसटी पकडून तालुक्याला जावं लागणार असेल आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेही जमणार नसेल, तर गणित बदलतं. हे सर्जनला कळायला त्याला कुणीतरी सांगायला हवं. पेशंट सांगत नाही. ‘कुठून आलाय?’ म्हटल्यावर तो तालुक्याचं नाव सांगतो आणि डॉक्टरांना वाटतं, गावात दवाखाना असेल.

तेव्हा तुम्ही या चार गोष्टी सांगा : वाड्यावरून गाडीच्या रस्त्याला किती वेळ चालावं लागतं, आयएनआर करणारी सगळ्यात जवळची लॅब कुठे आहे, वर्षातून किती आठवडे रस्ता बंद असतो, आणि घरात गोळीचा आकडा वाचू शकणारं कोण आहे. ‘साहेब, आमचा वाडा वर पठारावर हाय, एसटीला यायला दीड तास उतरावं लागतंय, आन् घरात वाचणारी नात एकटीच, ती बी वसतिगृहात’ एवढं बोललात तरी पुढची चर्चा वेगळी होते. निर्णय सर्जनचाच. पण तो वाडा डोळ्यांपुढे ठेवून झालेला असू दे.

पेशंट मूल हवं असलेली बाई असेल तर तेही मोकळेपणानं सांगा. वॉरफरिनसारख्या गोळीनं गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, व्यंग येऊ शकतं. आणि घाबरून गोळी परस्पर बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी होते. पाळी चुकली की त्याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं, हे तिला, सासूला आणि आशाताईला तिघींनाही ठाऊक हवं.

ही चर्चा होईल त्या दिवशी घरातलं ज्याचं चालतं तो माणूस हजर ठेवा. म्हातारबा वर आणि अंगठा द्यायला पोरगा खाली, असं झालं की ऐन ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंट वाड्यावर परत जातो.

५. अ‍ॅडमिट होण्याआधी

दात. झडपेचं ऑपरेशन असेल तर दातांची तपासणी आधी. किडका दात किंवा पिकलेली हिरडी असेल तर तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात, आणि ते दुखणं मूळ दुखण्यापेक्षा वाईट. मिश्री आणि तंबाखू किमान चार आठवडे आधी सुटली तर ऑपरेशननंतर छातीत कफ कमी साठतो. ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणणाऱ्या आक्का मिश्री लावतात, म्हणून प्रश्न दोन्ही विचारा.

त्वचा. खरूज, गळू, पायाची चिघळलेली भेग. यातलं काहीही असलं तरी ऑपरेशन पुढे ढकललं जातं. बायपासमध्ये पायाची शीर काढून वापरतात, त्यामुळे पायावरची जखम छातीवरच्या जखमेइतकीच अडवते. महिनाभर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून बरं करून घ्या. तिथेच हिमोग्लोबिन बघा. कमी असेल तर जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या तेव्हाच सुरू करता येतात.

सिकलसेल. पेशंट ऊसतोडीला आलेल्या भिल्ल, पावरा किंवा विदर्भातल्या गोंड कुटुंबातला असेल तर हा शब्द डॉक्टरांपुढे तुम्हीच काढा. सिकलसेल असलेल्याच्या तांबड्या पेशी थंडीत आणि प्राणवायू कमी पडला की कोयत्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात. ओपन हार्टमध्ये, म्हणजे छाती उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये, शरीर थंड करतात, रक्त मशीनमधून फिरवतात. म्हणजे नेमकी तीच परिस्थिती. आधी कळलं तर भूलतज्ज्ञ त्याप्रमाणे तयारी करतो. कोल्हापूरकडे हा आजार फारसा दिसत नसल्यानं तपासणी राहून जाऊ शकते. अशा कुटुंबाचं रेशनकार्ड नंदुरबारचं असो की गडचिरोलीचं, योजना राज्यभर चालते. कार्ड सोबत हवं इतकंच.

रक्त. बदली रक्तदाते किती लागतील ते रक्तपेढीत विचारा. दाता १८ ते ६५ वयाचा, ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. वाड्यावरच्या लोकांना पहाटे उपाशीपोटी उतरवून रक्त द्यायला नेऊ नका. खाऊन, पाणी पिऊन या म्हणा. रक्तगट पेशंटचाच हवा असंही नाही, कारण बदली रक्त साठ्यात जातं.

चालू गोळ्या. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवतात, काही थांबवत नाहीत. कोणती, कधी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

म्हसरं. हसू नका, तारीख चुकण्याचं हे मोठं कारण आहे. बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशननंतर निदान दोन-तीन महिने पेशंट धार काढू शकत नाही, भारा उचलू शकत नाही, संस्थेला दूध घालायला जाऊ शकत नाही. सोबतचा माणूसही पंधरवडाभर अडकतो. म्हणजे दोन माणसांचं काम कुणी करायचं हे भावकीत बसून आधी ठरवा. देवाला कौल लावायचा असेल तर तोही आधीच लावू द्या. कौल अडवायला गेलात तर ऑपरेशनच अडतं.

ऋतू. डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणत असतील तर जुलै-ऑगस्ट टाळा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी त्या अंगाला चढलं की गगनबावड्याचा रस्ता बंद पडायला लागतो; २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ महामार्गही बंद होता. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. मात्र डॉक्टर ‘लगेच’ म्हणाले तर पाऊस बघत बसायचं नाही.

६. दवाखान्यातले दिवस

ओपन हार्टनंतर दोन-तीन दिवस आयसीयू, एकूण साधारण ७ ते १० दिवस. पेशंटच्या तोंडात नळी, छातीतून दोन नळ्या, हात बांधलेले, असं दृश्य पहिल्यांदा दिसतं. घरच्यांना ते आधी सांगून ठेवा, नाहीतर म्हातारी तिथेच रडं काढते. नळी निघाल्यावर तीन छोट्या चेंडूंचं फुंकणीसारखं यंत्र देतात. ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. दर तासाला दहा वेळा. खोकताना छातीला उशी घट्ट धरायची.

सोबत एकच माणूस राहू द्या, दुसरा बदलीला. दुपारचं जेवण अंबाबाईच्या देवळाजवळच्या अन्नछत्रात होतं, सीपीआरपासून चालत जाता येतं. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा.

७. वर नेताना

सुट्टी झाली म्हणून लगेच पठारावर नेऊ नका. टाके तपासून होईपर्यंत, म्हणजे दहाएक दिवस, रस्त्यालगतच्या गावात पाहुण्यांकडे ठेवा. त्या दिवसांत ताप, जखमेतून पाणी, पायाला सूज यातलं काही झालं तर तिथून गाडी मिळते.

छातीचं मधलं हाड तारेनं बांधलेलं असतं. ते जुळायला ६ ते ८ आठवडे, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने लागतात. म्हणून :

पेशंटला काखेत हात घालून उचलू नका. पाठीमागून आधार देऊन बसवा.

वर न्यायला घोंगड्याची झोळी नको, तिच्यात माणूस दुमडतो आणि छातीवर दाब येतो. पाठ असलेली प्लॅस्टिकची खुर्ची दोन कळकांना चारी पायांशी घट्ट बांधा आणि चौघांनी उचला. चढावर पेशंट पुढे कलणार नाही असं धरा.

दोन-तीन किलोपेक्षा जास्त वजन नाही. भरलेली घागर, मोळी, कडबा, दोन वर्षांचं नातवंडही नाही.

चुलीच्या खोलीत निजवू नका. धुरानं खोकला येतो, खोकल्यानं हाड हलतं. गोठ्याशेजारीही नको.

मीठ कमी म्हणजे फक्त भाजीतलं नव्हे. खारा, लोणचं, सुकी मासळी, मीठ घातलेलं ताक सगळं आलं. वजनकाटा नसेल तर रोज सकाळी घोट्यावर अंगठा दाबून बघा. खड्डा पडला आणि तो दिवसागणिक वर सरकला, तर पाणी साठतंय.

८. गोळी आणि आयएनआर

धातूची झडप असलेल्यांसाठी. आयएनआर किती ठेवायचा तो आकडा डिस्चार्ज कार्डावर असतो. मायट्रल जागी बहुधा २.५ ते ३.५, एऑर्टिक (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या) जागी २ ते ३. खाली गेला तर झडपेवर गुठळी आणि लकवा, वर गेला तर रक्तस्राव. सुरुवातीला आठवड्याला, मग स्थिर झाल्यावर महिन्याला तपासणी.

गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी द्या. सकाळी तपासणी केली की संध्याकाळपर्यंत आकडा कळतो आणि त्याच दिवशी डोस बदलता येतो. घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला रेघ मारा. वाचता न येणाऱ्याला हे सगळ्यात सोपं. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर द्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम देऊ नका.

दुकानदारानं बदलून दिलेलं पाकीट ही सगळ्यात वाईट चूक. याच गोळ्या १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये येतात. ‘दोनची निम्मी’ घेणाऱ्याला ‘चारची’ पट्टी मिळाली तर तो तिचीही निम्मीच घेतो, म्हणजे डोस दुप्पट. जुनी रिकामी पट्टी दुकानात दाखवा आणि आकडा जुळवून घ्या.

रानभाज्या. पहिल्या पावसानंतर वाड्यावर कुर्डू, टाकळा, भारंगी रोजच्या ताटात येते. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. उन्हाळाभर पालेभाजी नाही आणि आषाढात रोज दोन वेळा, असं झालं की आयएनआर घसरतो. भाजी बंद करू नका. वर्षभर थोडी थोडी असू द्या, आणि पावसाळी भाजी सुरू झाली की आठ-दहा दिवसांत एक तपासणी जादा करा.

अंगदुखीवर परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, कमरेत इंजेक्शन नको, झाडपाला नको, दारू नको. ताप आला तर पॅरासिटामॉल. दात काढायचा असेल तर आधी ‘झडप बसवलीय’ सांगा. अँटिबायोटिक घेऊनच दात काढतात.

जून लागायच्या आत दोन महिन्यांच्या गोळ्या घरात हव्यात. डब्यात, चुलीपासून लांब.

९. पेनिसिलिनचं इंजेक्शन

संधिवाताच्या तापानं झडप गेली असेल तर दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन घ्यावं लागतं. मोठ्यांना १२ लाख युनिट, लहान वजनाच्या मुलांना ६ लाख. झडप बदलली म्हणून ते आपोआप बंद होत नाही. कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील. २१ दिवस लक्षात ठेवायची सोपी रीत : दर तिसरा बाजार. बाजाराचा दिवस वाड्यावर कुणी विसरत नाही. इंजेक्शन आरोग्य केंद्रातच घ्या, क्वचित जोरदार रिअ‍ॅक्शन येते आणि तिथे त्यावरचं औषध हाताशी असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.

त्याच घरातल्या मुलांचा घसा दुखून ताप आला तर काढ्यावर भागवू नका, दाखवून पुरा कोर्स द्या. एका खोपटात सगळे निजतात, तेव्हा हे जंतू एकावरून दुसऱ्यावर सहज जातात.

१०. कधी पळायचं

धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज रात्री शांततेत ऐकू येतो. तो बोदा झाला किंवा येईनासा झाला. अचानक दम लागला. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातातलं बळ गेलं. डोकं सणकून दुखून उलटी झाली. काळी शी, हिरड्यांतून न थांबणारं रक्त. १०१ च्या वर ताप. छातीच्या हाडातून कट्कट्. यातलं एकही झालं तर उजाडायची वाट बघू नका.

१०८ ची गाडी वाड्यापर्यंत येणार नाही. ती कुठवर येते ते ठिकाण, तिथल्या घराचं किंवा देवळाचं नाव, आणि तिथून वाड्यापर्यंत लागणारा वेळ आजच एका कागदावर लिहा. रेंज ज्या टेकाडावर येते तिथे जाऊन एकदा फोन लावून बघा. खुर्ची आणि कळक बांधून तयार ठेवा, आणि झडपेचा प्रकार, तारीख, आयएनआरचा आकडा, गोळीचं नाव लिहिलेलं कार्ड पेशंटच्या कोपरीच्या किंवा चोळीच्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.